बंड्याच्या चार पायऱ्या: पाळीव प्राण्याला कायरोप्रॅक्टिककडे नेण्याआधी

आमच्या इमारतीत पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत. बंड्या, आमचा ११ वर्षांचा लॅब्राडॉर, त्या एका उडीत चढायचा. दिवाळीनंतर तो पहिल्या पायरीशी थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, वय झालं. शेजारचे आप्पा म्हणाले, "अगं, उसण भरली असेल. हाडवैद्याला दाखव, एक झटका दिला की पळायला लागेल."

आप्पांचं ऐकून मी एकाला घरी बोलावलं. प्राण्यांची हाडं बसवतो म्हणे. त्याने एक्स-रे विचारला नाही, आधीचे कागद मागितले नाहीत. बंड्याला आडवा पाडून कंबर धरली आणि पिरगळली. बंड्या केकाटला. आमच्या घरात तसा आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदा काढला. पुढचे चार दिवस त्याला उठवताना दोघे लागायचे. पैसे गेले त्याचं काही नाही, पण अजूनही कोणी अनोळखी माणूस कमरेकडे हात नेऊ लागला की तो मान वळवून बघतो.

नंतर रीतसर डॉक्टर गाठले, एक्स-रे झाला, औषधं सुरू झाली आणि मग खरं कायरोप्रॅक्टिकही, म्हणजे आखडलेले सांधे हाताने मोकळे करण्याचा उपचारही, करून पाहिलं. नाशिकमध्ये कोणी आज या वाटेला लागणार असेल तर त्याने काय, कोणत्या क्रमाने करावं, ते लिहितेय.

आधी हे समजून घ्या

कायरोप्रॅक्टिक ही मूळची माणसांची पद्धत. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली ती सुरू केली. तिथून ती घोडे आणि कुत्र्यांपर्यंत आली. कल्पना साधी आहे: मणक्यांमधले छोटे सांधे कधी कधी आखडतात, हलायला हवेत तेवढे हलत नाहीत. मग भोवतीचे स्नायू ताठ होतात आणि प्राणी अंग चोरून चालतो. असा सांधा बोटांनी शोधायचा आणि त्यावर नेमक्या दिशेने, अगदी थोड्या अंतराचा पण चपळ दाब द्यायचा. कुत्र्याच्या मानेत माणसासारखेच ७ मणके असतात, पाठीत मात्र १३ आणि कमरेत ७. आपल्याकडे ते १२ आणि ५. म्हणजे माणसांचा कायरोप्रॅक्टर कितीही नावाजलेला असला तरी कुत्र्याची पाठ त्याच्यासाठी नवा मुलूख आहे.

'कट्' असा आवाज आला की हाड जागेवर बसलं, असं आप्पा अजूनही मानतात. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना येतो. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणून गुण आला असं नसतं आणि नाही आला म्हणून काम फुकट गेलं असंही नसतं. कुत्र्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा तो येतच नाही.

आता याने खरंच फरक पडतो का? घोड्यांवर थोडाफार अभ्यास झालेला आहे, कुत्र्यांवर फार कमी आणि मांजरांवर जवळजवळ नाही. आखडलेली पाठ-मान मोकळी होते, हा अनेकांचा अनुभव आहे, माझाही. पण झिजलेला खुबा, तुटलेला लिगामेंट, सरकलेली गादी यांतलं काहीही हातांनी पूर्ववत होत नाही. मुख्य उपचाराला जोड म्हणून याकडे बघितलं तर निराशा होत नाही.

पायरी पहिली: दुखतंय हे ओळखा

कुत्री दुखणं लपवतात. रडत नाही म्हणजे दुखत नाही, या समजुतीत आम्ही दोन महिने घालवले. बघायचं ते असं: झोपेतून उठताना आधी पुढचे पाय ताणून मग मागचं धूड ओढतो का? फिरायला निघाल्यावर पहिली पाच मिनिटं ताठ आणि मग मोकळा, असं होतं का? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीने टाकतो का? एकच सांधा सतत चाटतो का? मागच्या पायांची नखं वरच्या बाजूने घासलेली असतील तर तो पाय ओढतोय. पुढच्या पायाने लंगडणारा कुत्रा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो आणि चांगल्या पायावर भार देताना खाली आणतो. हे एकदा कळलं की कोणता पाय दुखतोय ते रस्त्याच्या पलीकडूनही सांगता येतं.

मांजर लंगडत नाही, ते फक्त उड्या मारणं बंद करतं. फ्रिजवर बसणारी मनी सोफ्यावर बसायला लागली, कमरेवरचे केस चाटून नीट करेनाशी झाली, मातीच्या ट्रेच्या बाहेर घाण करू लागली, की तिला खोडकर ठरवण्याआधी तिचे सांधे तपासून घ्या.

थंडीत हे सगळं जास्त दिसतं. निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकायला लागला की आमच्या कॉलनीतली निम्मी म्हातारी कुत्री सकाळी उठायला कुरकुरतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीडतापही लक्षात ठेवा. त्यातही सांधे दुखतात आणि कुत्रा लंगडतो, पण ते रक्ताच्या तपासणीत कळतं. तिथे पाठ दाबून काय होणार?

पायरी दुसरी: मोबाइलवर चालताना शूटिंग करा

दवाखान्यात शिरल्यावर कुत्रा घाबरतो आणि अगदी सरळ चालून दाखवतो. डॉक्टर म्हणतात, "चांगला तर चालतोय." म्हणून घराजवळच्या सपाट रस्त्यावर, पट्टा सैल ठेवून, समोरून, मागून आणि बाजूने दहा-दहा सेकंद शूटिंग करा. एक व्हिडिओ झोपेतून उठतानाचा, एक पायऱ्यांचा. गाडीतून उतरल्या उतरल्या काढू नका, थोडं फिरवून घ्या.

पायरी तिसरी: निदान आधी, बाकी सगळं नंतर

हीच पायरी मी गाळली होती. एक्स-रे आणि रक्ततपासणी होईपर्यंत कोणालाही कंबरेला हात लावू देऊ नका.

लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याची वाटी उथळ असण्याचं प्रमाण मोठं. पॉमेरेनियन, पग अशा छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते. धष्टपुष्ट कुत्रा खेळता खेळता एकदम मागचा पाय उचलून धरायला लागला तर गुडघ्यातला लिगामेंट तुटलेला असू शकतो. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय एका जागी सुजला आणि दुखरा असेल तर हाडाचा कर्करोग नाही ना, हे पाहावंच लागतं. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. खुब्याचा एक्स-रे नीट यायला कुत्र्याला पाय ताणून उताणं ठेवतात, त्यासाठी हलकी भूल देतात. डॉक्टर भूल म्हणाले म्हणून बिचकू नका. शहरात खासगी दवाखाने आहेत, सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे. एमआरआय किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागू शकते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचं आहे.

डाशहुंड पाळणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लांब पाठ आणि आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होतात. एक दिवस सोफ्यावरून उडी मारल्याचं निमित्त होतं आणि गादी फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. पग, बीगल, शिह त्झू, ल्हासा यांच्यातही हे होतं. घरी एक सोपी परीक्षा करता येते: कुत्र्याला उभं करून कमरेखाली हाताचा आधार द्या आणि मागचा पंजा हलकेच दुमडून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. दुमडलेलाच ठेवला, तर मज्जातंतूंकडून निरोप नीट पोचत नाहीये. मागचं अंग झोकांड्या खातंय, पाय गेलेत, लघवी होत नाहीये, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा पाठीवर कायरोप्रॅक्टिक करणं म्हणजे फुटलेल्या गादीवर आणखी दाब. मांजराचे मागचे पाय अचानक लुळे आणि थंडगार पडले, ते जिवाच्या आकांताने ओरडतंय, तर रक्ताची गुठळी पायांकडच्या धमनीत अडकलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे एकेक मिनिट मोलाचं.

बंड्याच्या एक्स-रेत दोन्ही खुबे झिजलेले निघाले, आणि कमरेच्या मणक्यांवर हाडाच्या चोची वाढलेल्या. त्या पिरगळणाऱ्या माणसाने नेमकं कुठे जोर लावला होता, ते फिल्मवर बघताना मला कसंतरीच झालं.

औषधांबद्दल

घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड बिघडतं. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ साली बंद झालं ते गिधाडांपायी: औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मरायची. आपल्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात, तिथे गेलात तर हा सगळा इतिहास ऐकायला मिळेल. कुत्र्यांसाठी मेलॉक्झिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं असतात, पण ती वजनावर मोजून आणि मूत्रपिंड-यकृताचे रिपोर्ट बघून. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. बाम चोळू नका. कुत्रा तो चाटून पोटात घेतो आणि त्यातला कापूर त्याला विषारी. आणि नाशिकमध्ये राहून सांगायलाच हवं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात नकोत, त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जानेवारी ते मार्च घरात पेट्या येत असतात आणि मुलं प्रेमाने एकेक भरवतात.

पायरी चौथी: कोणाच्या हातात द्यायचा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. म्हणून पहिला प्रश्न: "डॉक्टर, तुमचा महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?" खरा पशुवैद्य या प्रश्नावर चिडत नाही. दुसरा प्रश्न, प्रशिक्षण कुठे घेतलं. अमेरिकन व्हेटर्नरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन आणि इंटरनॅशनल व्हेटर्नरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन या दोन संस्था प्रमाणपत्र देतात. शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकून आलेला आणि यांच्याकडची परीक्षा दिलेला यांत फरक आहे.

आणखी दोन गोष्टी विचारा: एक्स-रे बघितल्याशिवाय हात लावता का, आणि कोणत्या प्राण्याला तुम्ही नाही म्हणता? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात फुटलेली गादी, फ्रॅक्चर, कर्करोग, मणक्यातला जंतुसंसर्ग, ताप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, छोट्या जातींत मानेचा वरचा सांधा सैल असणं, यांतलं काही यायला हवं. "मी सगळ्यांना बरं करतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरा म्हणणाऱ्याला चहाही नको.

असं माणूस गावात लगेच मिळेलच असं नाही. आम्हाला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका पशुवैद्य बाईंकडे पाठवलं. दुखऱ्या कंबरेच्या कुत्र्याला कसारा घाट उतरवणं हाच एक पराक्रम. मागच्या सीटवर गादी टाका, पायाखालची पोकळी उशांनी भरा, दीड तासाने थांबून चार पावलं चालवा, वळणांवर हळू. प्रवासच झेपणार नसेल तर गावातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली फिजिओथेरपी, लेझर किंवा पाण्यातला व्यायाम होतो का ते आधी विचारा. झिजलेल्या खुब्याला स्नायू बळकट करण्याचा फायदा पाठ दाबण्यापेक्षा जास्त होतो, असं माझं मत झालंय.

पायरी पाचवी: त्या दिवशी

भरपेट जेवू घालून नेऊ नका. सोबत एक्स-रे, औषधांची यादी, शूटिंग, घरातली चादर आणि आवडता खाऊ. आमच्याकडे ग्लुकोजचं अर्धं बिस्किट.

बाईंनी बंड्याला टेबलावर घेतलं नाही, स्वतःच खाली मॅटवर बसल्या. पहिली दहा मिनिटं फक्त बघणं आणि चाचपणं. मग बिस्किट त्याच्या नाकापुढे धरून हळूहळू खांद्याकडे, तिथून कमरेकडे नेलं. उजवीकडे तो पार कमरेपर्यंत वळला. डावीकडे कोपराशी थांबला आणि मान वळवायच्या ऐवजी सगळं अंगच फिरवलं. "इथे बघा," त्या म्हणाल्या आणि माझी दोन बोटं त्याच्या मानेच्या मुळाशी ठेवली. एका बाजूचा स्नायू दोरीसारखा ताठ लागत होता, दुसऱ्या बाजूचा कणकेसारखा मऊ. खुबे दुखतात म्हणून तो वर्षभर भार पुढे ढकलत होता, आणि त्याची किंमत मान भरत होती. मी सगळं लक्ष कमरेवर ठेवलं होतं.

त्यानंतर प्रत्यक्ष उपचार, जेमतेम पंधरा मिनिटं. कॅरमची सोंगटी टिचकीने सरकावतो तितकाच दाब, एकेका जागी एकदाच. झिजलेल्या कमरेला त्यांनी झटका दिलाच नाही, नुसतं हाताने सैल केलं. बंड्याने मध्येच मोठी जांभई दिली, ओठ चाटले, शेवटी उठून अंग झाडलं. असं होणं चांगलं. कुत्रा गुरगुरला, दाबलेल्या जागी वळून बघायला लागला, धापा टाकू लागला, तर थांबवायला सांगा. संकोच करू नका, त्याची बाजू मांडायला तिथे तुम्हीच आहात.

पुढचा एक दिवस विश्रांती. पट्ट्यावर छोटं फिरणं, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती नाही. दुसऱ्या दिवशी थोडं अंग ताठ वाटलं तर चालतं. ते दोन दिवसांवर गेलं, पाय ओढू लागला किंवा खाणं सोडलं, तर फोन करा.

पायरी सहावी: घर

खरं सांगायचं तर बंड्याला सगळ्यात जास्त गुण आला तो फरशीवर सतरंज्या टाकल्यावर. गुळगुळीत टाइल म्हणजे दुखऱ्या खुब्याच्या कुत्र्याला रोज बर्फावर चालवण्यासारखं. पाय बाहेर घसरतो आणि तो सावरताना कंबर आखडते. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅटची पायवाट करा. सतरंजी नुसती टाकली तर तीच सरकते, म्हणून खाली रबरी जाळी हवी. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा. चालताना नखं टाइलवर टकटक वाजत असतील तर ती लांब झाली आहेत. नख जमिनीला टेकलं की बोट मागे ढकललं जातं आणि वरचे सगळे सांधे वाकडे उभे राहतात. नखं कापायला दहा मिनिटं लागतात.

वजन हा दुसरा मोठा भाग. ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळालं. कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा झिजले. बरगड्यांवर हात फिरवा. आपल्या हाताच्या मागच्या बाजूची हाडं जशी लागतात तशा त्या लागायला हव्यात. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर चपातीचे तुकडे बंद. आमच्या घरी हे सासूबाईंना पटवणं एक्स-रेपेक्षा अवघड गेलं. शेवटी त्यांच्याच हातात रोजचा मोजलेला डबा दिला: भरवा, पण यातलंच.

पायऱ्यांवर आधाराला जुना पंचा पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घेऊन दोन्ही टोकं वर धरा. उचलायचं नाही, थोडा भार घ्यायचा. थंडीत झोपण्याआधी कोमट शेक दहा मिनिटं, पिशवी कापडात गुंडाळून आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून. गोदाकाठी सोमेश्वरकडे रविवारी तासभर पळवून बाकी सहा दिवस झोपवून ठेवण्यापेक्षा रोज दोनदा पंधरा मिनिटं सपाटीवर चालवा. चामर लेणी आणि पांडवलेणीच्या पायऱ्या आता त्याच्यासाठी नाहीत.

फ्रिजवरची वही

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे. रोज सकाळी तीन नोंदी: हाक मारल्यापासून चारी पायांवर उभं राहायला किती सेकंद, चार पायऱ्यांपैकी किती स्वतःहून, बिस्किटामागे डावीकडे मान कुठवर. औषध बदललं, सेशन झालं, मॅट टाकली, की त्या तारखेपुढे लिहायचं. सगळं एकाच आठवड्यात सुरू केलंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. मी थोडी हीच चूक केली, त्यामुळे उठायचे १४ सेकंद ६ वर आले यातलं किती श्रेय गोळीचं आणि किती सतरंजीचं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मानेचं मात्र सांगू शकते. ती पहिल्या सेशननंतर दुसऱ्या दिवशी कोपराच्या पुढे गेली, तिसऱ्यानंतर कमरेपर्यंत. सेकंदांमध्ये तेव्हा काही हललं नव्हतं.

तिसऱ्या सेशनला मी वही घेऊन गेले. बाईंनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "आता दर महिन्याला घाट उतरून येऊ नका. बिस्किट रोज दाखवा, डावीकडे पुन्हा कोपराशी थांबला तर फोन करा."